कवडूच्या गाडीतला आवाज

१

देवाजीचा हात लोकांनी मोडला तेव्हा तो एका जखमी माणसाला आपल्या ट्रकमध्ये चढवत होता.

त्र्याहत्तर सालच्या खंडेनवमीची गोष्ट. दिवस बुडत आला होता. उमरेड रोडवर, दिघोरीच्या थोडं पुढे, चंपतराव नावाचा शिंपी रस्त्याच्या कडेला पडला होता. दसऱ्यासाठी शिवलेले कपडे गिऱ्हाइकांना पोचवायला तो सायकलवर निघाला होता. एका ट्रकनं त्याला उडवलं आणि तो ट्रक न थांबता निघून गेला. मागून देवाजी आपला ट्रक घेऊन येत होता. तो थांबला. एवढीच त्याची चूक. शेतातून, टपरीवरून लोक धावत आले तेव्हा त्यांना पडलेला माणूस, उभा ट्रक आणि एक ड्रायव्हर एवढंच दिसलं. चंपतराव दवाखान्यात पोचायच्या आधीच गेला. देवाजी त्याच दवाखान्यात होता. हाताला प्लास्टर आणि खाटेशेजारी पोलीस.

पाचव्या दिवशी त्याची बायको सुभद्रा माझ्याकडे आली. मी तेव्हा सक्करदऱ्यात मधुकररावांच्या ट्रकच्या आवारात मिस्त्रीकाम करत होतो. एका कोपऱ्यात पत्र्याचं छप्पर आणि त्याखाली माझं सामान. वीस वर्षं तिथेच गेली होती. देवाजीही आधी मधुकररावांचीच गाडी चालवायचा, त्यामुळे सुभद्राला आवार ओळखीचं होतं. पण ती फाटकाच्या आत आली नाही. मलाच बाहेर जावं लागलं.

"मामा, तुमी तं गाड्या वळखता," ती म्हणाली. "पह्यली गाडी कोन्ती होती, तेवढी शोधून द्या."

"नंबर पाहिला का देवाजीनं?"

"अंधारून आलतं जी. त्या गाडीले मांगचा लाल लाइटही नव्हता म्हनते. बस, एकच गोष्ट सांगून राहिले. सायकलच्या चाकात झेंडूची फुलं गुतली होती. हाराची. अन् ह्याइच्या गाडीले हारच नव्हता. तीन दिवसांपासून लाइनवर होते, हार कवा घालतीन?"

"पोलिसले सांगतलं हे?"

"सांगतलं. ते म्हनते, दसऱ्याच्या दिवसात झेंडू कुठं नाही?"

थकलेला माणूस खोटा धीर लवकर देतो, तसा मी दिला. "पाहतो वं माय," म्हटलं. ती पाठमोरी झाली तेव्हा मनात आलं, नागपुरात हजार ट्रक आहेत, आणि नवमीला हजारांच्या तोंडावर हार असतो. यातून एक गाडी कोण शोधणार? आणि शोधली नाही तर देवाजी जेलात जाणार, हेही दिसतच होतं.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी कवडू आला. मधुकररावांच्या दोन गाड्यांतली जुनी गाडी तो चालवायचा. पन्नाशीचा, काटकुळा, कमी बोलणारा माणूस.

"शालिकभाऊ, माह्या डॅशबोर्डात काही तरी बसलं आहे."

"काय बसलं?"

"टर्र टर्र करते. मंधातच टिक टिक. पळवली का वाढते. गाडी उभी केली का चूप."

रुपराव, दुसऱ्या गाडीचा ड्रायव्हर, टायरवर बसून चहा पीत होता. तो म्हणाला, "मंग तुही बायकोच असन. तू निघाला का ते बोलाले लागते."

कवडू हसला नाही. त्याचे डोळे तांबारले होते. "चार दिवस झाले, रस्त्यावर ध्यान लागत नाही गा. टर्र टर्र ऐकू ऐकू डोकं फुटाची वेळ आली. दसऱ्याआधी हा आवाज नव्हता. अष्टमीले गाडी लावली. नवमीले धुतली, हार घातला अन् पूजा होताच एस्टीनं सासुरवाडीले गेलो, रामटेकले. एकादशीले येऊन गाडी काढली, तवापासून हे सुरू. अन् माहा हारही कोनी नेला. मी मोठ्या फुलायचा हार सुतळीनं बांधला होता. पाहतो तं दुसराच, बारीक फुलायचा, दोऱ्याचा."

"चोर तरी इमानदार," रुपराव म्हणाला. "एक नेला, एक ठेवून गेला."

मीही हसलो. हाराचं बोलणं एका कानातून आलं आणि दुसऱ्यातून गेलं. मला पुढचं काम दिसत होतं आणि त्याचा आधीच कंटाळा आला होता. आवाज शोधणं कोणत्याच मिस्त्रीला आवडत नाही. तुटलेली वस्तू दिसते, आवाज दिसत नाही.

त्या काळी ट्रकची केबिन सुतार बांधायचा. कंपनीचं इंजीन आणि सांगाडा. बाकी सागाच्या फळ्या, पत्रा आणि ड्रायव्हरची हौस. कवडूच्या डॅशबोर्डवर देवीची तसबीर होती, पितळी घंटी होती, प्लास्टिकची फुलं, विड्यांचा डबा, एक आरसा आणि आरशाला लोंबणारी काळी बाहुली. मी एकेक वस्तू काढायची आणि कवडूनं तलावाकडून एक चक्कर मारून यायची, असं ठरलं.

घंटी काढली. "आहेच," कवडू परत येऊन म्हणाला.

तसबीर काढली. आहेच. आरसा काढला, डबा काढला. कवडूनं बाहुलीला नमस्कार करून ती स्वतः सोडली. आवाज आहेच. मग मी फळ्यांचे स्क्रू आवळले, पत्र्याच्या फटीत सायकलच्या ट्यूबचे तुकडे कोंबले. दुपार गेली. माझे गुडघे ओरडायला लागले.

"नागडी झाली बापा गाडी," रुपराव जाता जाता म्हणाला. "आता इंजीन काढा, म्हनजे एकदम शांती."

संध्याकाळी मधुकरराव ऑफिसातून बाहेर आले. ते आमचे मालक. पण आधी स्वतः ड्रायव्हर होते, हाताला अजून घट्टे होते. ते खाली मांडलेला पसारा पाहत उभे राहिले.

"काय आहे हे, मिस्त्री?"

"डॅशबोर्डात आवाज आहे जी. सापडत नाही."

"सोडून द्या. जुनी गाडी आहे, कुरकुर करणारच. सोमवारी तिला भंडाऱ्याला जायचं आहे."

ते वळून गेले. मी हातातला पेचकस तसाच धरून बसलो. सायकलच्या सीटच्या स्प्रिंगचा एक बारीक आवाज आला तरी खाली उतरून पाहणारा हा माणूस. वीस वर्षांत त्यांनी मला कोणतंही काम अर्धं सोडायला सांगितलं नव्हतं.

३

सकाळी मी स्वतः कवडूच्या शेजारी बसलो. रेल्वेच्या पुलावर चढलो आणि उताराला लागताच मी म्हटलं, "न्यूट्रल कर. इंजीन बंद कर."

"भरल्या रस्त्यात?"

"कर गा."

त्यानं केलं. इंजीन शांत झालं. गाडी उतारावरून आपल्याच वजनानं चालली. चाकांची घरघर, वारा, आणि त्यात स्वच्छ: टर्र, टर्र, टिक, टिक. गाडी वेगात आली तसा तोही वेगात आला. उतार संपला, गाडी रेंगाळली, तोही रेंगाळला.

म्हणजे हा आवाज इंजिनाचा नव्हता आणि फळ्यांचाही नव्हता. तो चाकांचा होता. चाक फिरलं की फिरेल अशी एकच गोष्ट डॅशबोर्डापर्यंत येते, ती म्हणजे मीटरची तार. गिअरबॉक्सच्या मागून निघते, पायाखालून येते आणि मीटरला जोडते. गाडी किती चालली ते आकडे तीच फिरवते.

हे मला पहिल्याच दिवशी समजायला हवं होतं. पण ती तार पोळ्याच्या आधी मीच नवीन बसवली होती, आणि आपण बसवलेल्या गोष्टीवर माणूस शंका घेत नाही. मीटरचा काटा तुटलेला होता, त्यामुळे तो थरथरतो की नाही हेही कळायला मार्ग नव्हता. आकडे तेवढे चालायचे.

आवारात येऊन मी मीटरच्या मागे हात घातला. तारेचा नट दोन बोटांनी फिरला. जेमतेम दोन आटे बसलेला. त्या ढिलेपणात तार आपल्या घरात आपटत होती.

"सापडला?" कवडूनं विचारलं.

"सापडला."

"मंग आवळा ना."

मी आवळला नाही. बॅटरी लावून पाहत राहिलो. पोळ्याला मी तो नट पक्कडीनं कसला होता आणि त्यावर निळ्या पेंटचा एक थेंब सोडला होता. माझी सवय आहे. नट कोणी हलवला तर पेंट फुटतो. पेंट फुटला होता. पण त्यावर पक्कडीचा एकही दात उमटला नव्हता. एवढा कसलेला नट कोणी तरी नुसत्या हातानं, फडकं गुंडाळून, झटत झटत सोडवला होता आणि हातानंच परत लावला होता. नटाच्या खाचेत पिवळं काही तरी होतं. नखानं काढून नाकाजवळ नेलं.

हळद होती.

४

आमच्या फाटकाजवळ एक काळा फळा होता. गाडी बाहेर जाताना आणि आत येताना मीटरचा आकडा त्यावर खडूनं लिहायचं काम चौकीदार धोंडबाचं.

"कवडूची गाडी अष्टमीले आली तवा आकडा किती होता?" मी विचारलं.

"अठ्ठेचाळीस हजार दोनशे सोळा."

"एकादशीले निघाली तवा?"

"तोच. उभी गाडी काय आकडा वाढवते? देवाजीनं दुसरी गाडी सांगतली म्हनून पोलीस आले होते ना दसऱ्याले, सगळ्याइच्या गाड्या पाहत. त्यायनंही फळा पाहिला अन् गेले."

तार काढली की गाडी मुंबईला जाऊन आली तरी आकडा हलत नाही. हे धोंडबाला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, आणि ज्यानं तार काढली त्याला ठाऊक होतं. सुतळीचा मोठा हार आठवला. चाकात गुंतलेली फुलं आठवली.

"नवमीले दुपारी तू कुठं होता, धोंडबा?"

"पूजा झाली, बारा वाजता सगळे घरी गेले. मीही गेलो. पोळी खाल्ली, पडलो. रात्री दहाले आलो तं दोन्ही गाड्या जागेवर."

"फाटकाले कुलूप?"

"कडी होती. नवमीले आपल्या इथून गाडी कोन काढीन?"

खरं होतं. आठ वर्षांपूर्वी नवमीच्याच दिवशी मधुकररावांचे थोरले भाऊ त्यांच्याच ट्रकखाली गेले. तेव्हा मधुकररावांनी आम्हा सगळ्यांसमोर देवीला शब्द दिला होता: नवमीच्या पूजेपासून दसऱ्याच्या सोन्यापर्यंत माझ्या आवारातलं एकही चाक फिरणार नाही. दोन वर्षांपूर्वी देवाजीनं तो नियम मोडला. शेजारची बाई बाळंतपणात अडली होती, तिला ट्रकनं दवाखान्यात नेलं. बाई वाचली, मुलगी झाली. देवाजीला त्याच दिवशी काढून टाकलं.

मी धोंडबाजवळच्या बाकावर बसलो. सगळ्या गोष्टीत एकच अडत होतं. प्रत्येक गाडीच्या सीटखाली पक्कड असते. मग त्या माणसानं बोटं सोलून घेत नट हातानं का सोडवला?

आणि मग हसू यावं इतकं ते सोपं झालं. त्या दिवशी सीटखाली पक्कड नव्हतीच. खंडेनवमीला आम्ही सगळी अवजारं काढतो, पाने, पेचकस, हातोड्या, जॅक, सगळं. ऑफिसच्या ओट्यावर लाल कापडावर मांडतो, हळदकुंकू वाहतो, आणि दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत त्यांना हात लावत नाही. माझ्यासारख्या माणसाला वर्षात तेवढीच दीड दिवसाची सुट्टी.

म्हणजे तार नवमीलाच निघाली होती. आणि काढणाऱ्याच्या समोर, दहा पावलांवर, पंचवीस अवजारं मांडलेली होती. त्यानं एकही उचललं नाही.

रुपराव गाडीखाली ग्रीस भरत होता. मी वाकून विचारलं, "नवमीले पूजेतली पक्कड उचलली म्हनून तुले मालकानं झापलं होतं ना?"

"दुनियेसमोर झापलं! सायकलची चेन उतरली होती, पायी जाऊ का घरी? देवीले पक्कड घेऊन कोन्ता नट कसाचा होता?"

"पाप नाही वाटलं?"

"शालिकभाऊ, मले पाप वाटासाठी पोट भरलेलं लागते." तो गाडीखालून बाहेर आला आणि माझा चेहरा पाहून थांबला. "काहून? काय झालं?"

"काही नाही. तू पक्कड उचलली तेच बरं केलं."

तो बघत राहिला. मी छपराखाली येऊन बसलो. डबा उघडला नाही. चार माणसांची नावं मनात धरली होती, तीन गळली होती. उरला त्याच्याच पत्र्याच्या सावलीत मी वीस वर्षं बसलो होतो.

५

मधुकरराव ऑफिसात देवीच्या फोटोला उदबत्ती लावत होते. मी दारात उभा राहिलो.

"आवाज सापडला जी."

"काय होतं?"

"मीटरची तार. कोनी तरी नट हातानं काढला अन् हातानंच लावला. नवमीले."

"रुपराव असेल. त्याला कशाचाच धरबंध नाही."

"म्हनूनच तो नाही. तो काढता तं पूजेतली पक्कड घेऊन काढता, अन् कसूनही ठेवता. मंग आवाज आलाच नसता." मी आत गेलो. "धोंडबाले गाडी चालवता येत नाही. कवडू रामटेकले होता, अन् आवाज शोधून द्या म्हनून तोच माह्या मांगे लागला. हे ज्यानं केलं त्याले गाडी चालवता येते. फळ्यावरच्या आकड्याचं भेव त्यालेच आहे. अन् नियम मोडून गाडी काढली तरी त्या दिवशी अवजाराले हात लावाची त्याची हिंमत झाली नाही."

उदबत्तीची काडी त्यांच्या हातातच जळत होती.

"हिंमत केली होती," ते हळू म्हणाले. "पक्कड उचलली होती मी. सकाळी मीच तिच्यावर हळदकुंकू वाहिलं होतं. हातात धरली अन् परत ठेवली. मग धोतराचा सोगा गुंडाळून सोडवला नट."

ते खुर्चीवर बसले. विचारलं नाही तरी सांगत गेले. उमरेडच्या राइस मिलचा माणूस दुपारी निरोप घेऊन आला होता: आज माल उचला, नाही तर उद्यापासून दुसऱ्याच्या गाड्या लावतो. दहा वर्षांची पार्टी. ड्रायव्हरला कोणत्या तोंडानं बोलवायचं? नियम त्यांचाच. चार तासांत जाऊन येऊ, कोणाला कळणार नाही, असं वाटलं. दिघोरीच्या पुढे समोरून बैलगाडी आली, त्यांनी ट्रक कडेला घेतला. सायकल दिसलीच नाही.

"आरशात पाहिलं," ते म्हणाले. "मागची गाडी थांबली होती. म्हटलं, कोणी तरी थांबलं ना, आता आपलं तिथं काय काम? विहीरगावातून वळलो अन् दुसऱ्या रस्त्यानं परत आलो. मिलपर्यंत गेलोच नाही. येताना बाजारात नवा हार घेतला. थांबणारा देवाजी होता, हे दुसऱ्या दिवशी कळलं."

"अन् तवापासून?"

"तवापासून काय. रोज सकाळी ठरवतो, आज जायचं. दुपार झाली की वाटते, उद्या."

बाहेर रुपराव कोणाला तरी हाका मारत होता. मधुकररावांनी टेबलावरचं पेपरवेट इकडून तिकडे केलं.

"तो नट कसून टाका, मिस्त्री. तुम्ही माझं कोणतंच काम अर्धं ठेवलं नाही."

"हे ठेवीन."

"देवाजीला मी वकील देतो. चांगला देतो. त्याच्या घरचं सगळं पाहतो."

"त्याचा डावा हात मोडला जी. दवाखान्यातली नर्सबाई म्हनते, सरळ होनार नाही. गिअर कोन्त्या हातानं टाकन तो?" मला ओरडायचं नव्हतं, आणि ओरडण्याइतकी ताकदही नव्हती. "दोन वर्षांआधी तुमी त्याले काहून काढलं होतं?"

त्यांनी पेपरवेट परत जागेवर ठेवलं.

"त्या अडलेल्या बाईसाठी थांबला होता म्हनून. आता ह्या मानसासाठी थांबला. तुमाले आरशात एक गाडी दिसली. अशी थांबनारी गाडी आपल्या आवारात एकच होती, अन् ते तुमीच हाकलली."

मधुकररावांनी दोन्ही हात तोंडावरून फिरवले. हाताला घट्टे होते, त्याचा खरखरीत आवाज आला. मग ते देवीच्या फोटोकडे पाहत बसले. मला वाटलं, आता ते मला चालता हो म्हणतील. त्यांनी खुंटीवरची टोपी काढली, डोक्यावर ठेवली आणि बाहेर पडले. चला म्हणाले नाहीत. मीच मागून गेलो. कवडूनं गाडी काढू का विचारलं, त्यांनी हातानंच नाही म्हटलं. सगळा सक्करदरा ओळखीचा. वाटेत चार माणसांनी रामराम केला, त्यांनी सगळ्यांना उलटा रामराम केला.

ठाण्यात फौजदारानं कागद पुढे ओढला आणि विचारलं, "तक्रार कोणाची आहे?"

"माझीच," मधुकरराव म्हणाले. "माझ्यावरच."

६

देवाजीवरचा पहारा त्याच दिवशी उठला नाही. सरकारी कागदाला आपले पाय असतात. आठ दिवस गेले. मधुकररावांचा खटला पुढे वर्षभर चालला आणि त्यांना शिक्षा झाली. त्याआधी, ते जामिनावर सुटून आले तेव्हा मी माझं सामान हातगाडीवर भरत होतो. जा असं कोणी म्हटलं नव्हतं. पण रोज सकाळी एकमेकांकडे पाहायचं बळ दोघांतही नव्हतं. त्यांनी हातगाडीला मागून हात लावला आणि फाटकापर्यंत आले.

देवाजी सुटला तेव्हा मी आणि सुभद्रा दवाखान्याच्या दारात होतो. तो बारीक झाला होता. प्लास्टरमधला हात कोपरापाशी वाकडा दिसत होता. मी रिक्षा थांबवली, तर म्हणाला, "घरी नाही. आंधी चंपतरावच्या घरी जाऊ."

"काहून?" सुभद्रा भडकली. "त्याइच्याच लोकायनं तं हात मोडला! आता पाय मोडून घ्याचा आहे का?"

"त्यानं एक निरोप सांगतला होता वं. दवाखान्यात पोलिसले सांगतलं तं ते म्हने, मारून टाकला अन् वरतून निरोप सांगते. कोनी ऐकूनच घेतलं नाही. निरोप माह्याजवळच राहून गेला."

दिघोरीत शिंप्याचं घर कोणीही दाखवलं असतं. एक खोली, पुढे ओसरी. ओसरीवर शिलाई मशीन होतं, त्यावर चादर टाकलेली. चंपतरावची बायको गोपिका दाराशी आली. देवाजीचा हात पाहून तिला कळलं तो कोण. ती बसा म्हणाली नाही. आम्ही अंगणात उभेच राहिलो.

"मी मारलं नाही बाई," देवाजी म्हणाला.

"मालूम झालं मले."

"ते होशात होते. थोडा वेळ. मी पानी पाजलं, दोन घोट गेले. मंग म्हनले, सायकल पाह्य कशी आहे. मी म्हटलं, सायकलचं सोडा दादा. तं म्हने, नाही, ते शेजारच्या दादाजीची आहे, मांगून आनलेली. चाक वाकडं झालं असन तं सरळ करून वापस द्या लागन. घरी सांगजो म्हने."

गोपिका चौकटीला धरून होती.

"अजून?"

"बस. एवढंच म्हनले."

"माह्यासाठी काही नाही म्हनले?"

देवाजीला खोटं बोलता आलं असतं. त्यानं एकदा सुभद्राकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग मान हलवली. नाही.

ओसरीवरून एक कोंबडी गेली, गोपिकानं तिला हाकललंही नाही. मग ती खाली उंबरठ्यावर बसली.

"त्याइले लाज वाटे कोनाले काही मांगाची," ती म्हणाली. "सायकल मीच मांगून आनली होती. सांजपावतर आनून देते म्हनून दादाजीले मीच शब्द देला होता."